बाभळीचं भांडं, बेंदराचा बैल आणि रंगाचा प्रश्न

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सांगलीचा. शाळेत चित्रकला शिकवतो. शाडूकाम लहानपणापासूनचं, कारण आमच्या आजोळी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल घरीच करायचे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालं. लाकूड मात्र उशिरा हातात आलं, आणि ते पुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी होतं. ओसरल्यावर मळ्याकडे गेलो, तर बांधावरची जुनी बाभूळ मुळासकट आडवी झालेली. आजोबांनी राखलेलं झाड. सरपणाला द्यायचं जिवावर आलं, म्हणून दोन ओंडके कापून गोठ्यात ठेवले.

पुढे एका सुतारमित्राकडून जुना लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, घेतला. एक हॉर्सपॉवरची मोटर, लाकडी चौकट, पट्ट्यावर चालणारा. सुरुवातीला लाटणी केली, मग रवी, मग पाळण्याचे खूर. हात बसल्यावर बाभळीचा ओंडका काढला. बाहेरचा पांढरा भाग किड्याने पार पोखरलेला, बोट लावलं की भुसा गळायचा. आतला तांबूस गाभा मात्र दगडासारखा. त्यातून १४ इंच व्यासाचं उथळ भांडं काढलं, काठ साधारण अर्धा इंच जाडीचा. ते लेथवर फिरत असताना जो वास सुटला तो थेट मळ्यातला होता. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत जेवलो नाही.

आता अडचण सांगतो. नुसतं गोल भांडं मला पुरेना. मी शिल्पवाला आहे, म्हणून काठाचा एक तुकडा पटाशीने उतरवून तिथे पाण्याची लाट कोरली. मी चित्रवालाही आहे, म्हणून आत खडूपूड आणि सुताराच्या डिंकाचं पांढरं अस्तर देऊन त्यावर ॲक्रिलिकने पूर रंगवला: छपरं, नावा, घाटावरचं देऊळ. डिसेंबरात झालं तेव्हा सुरेख दिसत होतं. मे महिन्यात काठाला चीर गेली. जुलैत अस्तर समोरासमोरच्या दोन जागी पापुद्र्यासारखं सुटलं. भांडंही आता गोल राहिलेलं नाही, अंडाकृती झालंय.

मधल्या काळात ते एका प्रदर्शनासाठी पाठवलं होतं. तिथून परत आलं ते असं सांगून, की शिल्प विभागात ही वस्तू बसत नाही, चित्र विभागात बसत नाही, हस्तकला विभागात द्यायचं तर रंग काढा. मला वाईट वाटलं. पण चीर पडलेलं भांडं समोर घेऊन बसलो तेव्हा जाणवलं, की माझ्याही मनात या तीन गोष्टी अजून एक झालेल्या नाहीत. लेथवाल्याने भांडं केलं, मूर्तिकाराने ते तासलं, चित्रकाराने ते झाकलं. तिघे एकामागून एक येऊन गेले.

म्हणून विचारतो. चीर आणि पापुद्रे यावर उपाय काय? आणि त्याहून मोठा प्रश्न, कातलेल्या लाकडावर रंग द्यावा का?

यंत्रवेडा_पलूस

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तुमचं लाकूड आतून वाळलेलं नव्हतं. जाड ओंडका गोठ्यात चार वर्षं पडला तरी गाभ्यात ओल राहते. आणि लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वर्तुळाकार वलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसतं. म्हणून गोल भांडं अंडाकृती होतं. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

रीत अशी: ओलं असताना कच्चं भांडं काढायचं, काठ व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड ठेवायचा. म्हणजे तुमच्या १४ इंचाला दीड इंचाच्या आसपास. जिथे रेषा आडव्या कापल्या जातात तिथे मेण लावायचं, कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवायचं, काही महिने विसरायचं. मग वाकडं झालेलं ते भांडं परत लेथवर चढवून पक्कं कातायचं.

लेथ किती फेऱ्यांवर चालवता ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे हिशोब असा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या हे ६,००० ते ९,००० च्या मध्ये राहायला हवं. १४ इंचाला ४३० ते ६४०. त्यावर जाऊ नका. चेहऱ्यासमोर शील्ड हवीच, चष्म्यावर भागवू नका.

अवांतर: किर्लोस्करवाडी आमच्या तालुक्यात, म्हणून सांगावंसं वाटलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं, तेव्हा रंगकाम सुटलं आणि यांत्रिक ड्रॉइंग हातात राहिलं. तेच पुढे शिकवायला लागले, यंत्रांकडे वळले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला. रंग आणि यंत्र या दोन गोष्टी आपल्या भागात अशा शेजारी शेजारी आहेत. तुमचा धागा वाचताना तेच डोक्यात होतं.

कृष्णाकाठ

यंत्रवेडा, मनापासून आभार. फेऱ्यांचं वाचून पोटात गोळा आला. मी ते भांडं हजाराच्या वर फिरवत होतो. त्याआधीचा एक ठोकळा फेसप्लेटवरून (लाकूड स्क्रूने धरणाऱ्या लेथच्या चकतीवरून) सुटून कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्याला पोचा पाडला. स्क्रू आखूड होते असं समजलो होतो. आता कळलं खरं कारण काय ते. शील्ड मागवली.

मिरजेची_तार

दादा, आमचं घर सतारीच्या कामातलं. लेथ आमच्याकडे खुंट्यांपुरता, पण रंग आणि लाकूड यांचं भांडण आम्ही रोज मिटवतो, म्हणून लिहिते.

तुमचं अस्तर समोरासमोर दोनच जागी सुटलं ना? त्या दोन जागी लाकडाची तोंडं उघडी असतात. लाकूड म्हणजे नळ्यांची जुडी. भांडं आडव्या लाकडातून काढलं की दोन बाजूंना नळ्या आडव्या पडतात, आणि दोन बाजूंना त्यांची तोंडं वर येतात. तोंडं पाणी पितात, रंग पितात, पावसाळ्यात हवाही पितात. तिथे जाड अस्तर टिकणार कसं?

आम्ही तुनाच्या लाकडावर आणि भोपळ्यावर चपडा लावतो. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवायची, सुती कापडाची पुरचुंडी करून तिने घासत जायचं. एक हात, सुकू द्या, दुसरा हात. वीस-पंचवीस पातळ हात झाले तरी एकूण जाडी केसाएवढी नसते. लाकूड हललं की तो थर बरोबर हलतो. तुम्हाला चित्र काढायचंच असेल तर आधी चपड्याचे चार हात द्या, तोंडं मिटवा, मग पातळ रंग. खडूचं अस्तर नको.

आमच्या आजोबांचं एक सांगणं होतं: भोपळा आधी ऐकायचा, मग कापायचा. ओला करून तोंड उघडलं की आत काड्या लावून त्याला आकारात वाळवतात. तरी प्रत्येक भोपळा थोडा आपल्या मनाने जातो, आणि तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी, त्याच्या कलाने बसवावी लागते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, दोन तंबोरे अगदी एकसारखे का नाहीत. भोपळे एकसारखे नसतात म्हणून.

रानवाट

सुंदर धागा. फोटो टाका की.

शाडूमाती_सातारा

मी मूर्तिकाम करते, सातारला असते. यंत्रवेडा आणि मिरजेच्या ताईंनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण सरांच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही.

माझं स्पष्ट मत, लाकडावर चित्र काढू नये. सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानी संग्रहालयात जाऊन या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते. रविवर्म्याची चित्रं आहेत, लाकडावरचं कोरीवकाम आहे, आणि त्या सगळ्यात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे दगडी शिल्प आहे. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिलं. नाक-डोळे जेमतेम, कपडा नाही, दागिना नाही. पण आईचा दंड मुलाभोवती वळलाय तिथे दगडाचं वजन आपल्या खांद्यावर येतं. दगडाला दगडच राहू द्यावं, त्याला मांस व्हायला लावू नये, या मताचा तो माणूस. त्या दिवसापासून मी फायबरच्या मूर्तीला ब्राँझचा रंग मारणं सोडलं. कामं गेली, पण सोडलं.

तुमच्या बाभळीत पूर आधीच आहे, सर. ती पुरात पडली. किड्याने खाल्लेली कड आहे, चीर आहे. त्यावर छपरं आणि नावा काढून तुम्ही तेच पुन्हा सांगताय, आणि ज्याने ते पहिल्यांदा सांगितलं त्याला झाकताय.

तळकोकण

शाडूमाती ताई, तुमचं औंधचं वर्णन वाचून तिथे जावंसं वाटलं. पण मत पटलं नाही. आमच्या सावंतवाडीची खेळणी, फळं, पाट, सगळं रंगीतच. गंजिफाच्या, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या, पानांना चिंचोक्याची खळ आणि खडूचं अस्तर असतं, वर रंग, वर लाख. पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि कुणी त्याला खोटं म्हणत नाही. आणि दगडाचंच म्हणाल तर तुमच्या घाटमाथ्यावर प्रत्येक गावाच्या वेशीला एक दगड असतो. शेंदूर लावून लावून त्याला असं अंग आलेलं असतं की मूळ दगड कुठला आणि शेंदूर कुठला ते सांगता येत नाही. तो शेंदूर खरवडून आतला दगड दाखवला तर देव खरा होईल का?

सर, तुमच्या कामाचं एक सांगतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर लेथवरच रंग देतात. लाखेत रंग मिसळून त्याची कांडी करतात आणि फिरत्या लाकडावर धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि तिथल्या तिथे बसते. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. ब्रश नाही, सुकण्याची वाट नाही. कातणारा आणि रंगवणारा एकच माणूस, एकाच वेळी. तुम्ही लिहिलंत ना, तिघे एकामागून एक येऊन गेले म्हणून? तिथे दोघे तरी एकत्र उभे असतात.

शाडूमाती_सातारा

शेंदराचं उदाहरण चांगलं दिलंत. विचार करते. पण त्यातही शेंदूर चित्र होत नाही, अंग होतो. माझा विरोध चित्राला आहे.

कृष्णाकाठ

दोघांचं वाचून दोन दिवस तेच घोळत होतं. ताई, तुमचं वाक्य लागलं, आणि बरोबर ठिकाणी लागलं.

एक शब्द सुचला तो लिहितो. आपण एखाद्या चेहऱ्याला ‘कातीव’ म्हणतो, शिल्पाला तर हमखास म्हणतो. हा शब्द मुळात कातारी मंडळींचा. कातणे म्हणजे लेथवर उतरवणे, आणि तसं उतरवलेलं ते कातीव. म्हणजे आपल्या भाषेत शिल्पाची स्तुती करताना आपण लेथचंच नाव घेतो. विभाग प्रदर्शनवाल्यांनी पाडले, भाषेने पाडले नव्हते. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर चित्रं काढत, शिल्पं करत, आणि सिनेमा काढायचा ठरवलं तेव्हा कॅमेराही स्वतःच तयार केला. त्यांना कुणी विचारलं असेल का, तुमचा विभाग कोणता?

लाखेची कांडी करून पाहिली. बाभूळ इतकी कठीण आणि गडद, की रंग वरच तरंगल्यासारखा दिसला. मऊ, पांढऱ्या लाकडावर ते शोभतं.

सांगलीचा माणूस म्हणून हळदही लावून पाहिली. एका वाटीला अख्खी पिवळी केली. पहिल्या दिवशी डोळे दिपले. खिडकीत ठेवली तर तीन आठवड्यांत उन्हाकडची बाजू विटली, मागची तशीच. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, हे पुस्तकातून माहीत होतं, पण आपल्या हातच्या वाटीवर बघताना वेगळंच वाटतं. चुन्याची निवळी लावली तेव्हा कुंकवासारखी लाल झाली, तोही रंग उडाला.

दूरदेशी

मी मूळचा विट्याचा, सध्या जर्मनीत. तुमच्या बैलांचा उल्लेख वाचून राहवलं नाही.

इकडे पूर्वेला झायफेन नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथले कातारी लेथवर प्राणी कातात. ऐकताना खोटं वाटेल, कारण लेथवर सगळं गोलच होतं. युक्ती अशी: स्प्रूसच्या ओल्या खोडाची आडवी चकती घेतात. ती लेथवर लावून एका तोंडाने खोबणी पाडत जातात, मग उलटी करून दुसऱ्या तोंडाने. शेवटी एक कडं तयार होतं, वरखाली उंचवटे असलेलं. नुसतं बघून काही कळत नाही. मग सुरी ठेवून हातोडीने ठोकतात, केकचे तुकडे पाडावेत तसं ते उभं फाटतं, आणि प्रत्येक तुकड्याच्या कापात घोडा किंवा गाय दिसते. एका कड्यात डझनावारी प्राणी निघतात. लाकडाच्या रेषा उभ्या असल्याने पाय मजबूत. कान, शिंगं नंतर चिकटवतात, मग हाताने तासून रंगवतात.

मी समोर बसून पाहिलंय. कातणाऱ्याला प्राणी दिसत नसतो. तो सगळा त्याच्या मनगटात असतो.

यंत्रवेडा_पलूस

हे अफाट आहे. सर, करून बघाच. चकतीचा मधला गर आधी काढून टाका, नाहीतर तिथूनच फुटेल.

मिरजेची_तार

शिंगं चिकटवायला सरस वापरा, दादा.

कृष्णाकाठ

अडीच महिन्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण हात रिकामे नव्हते.

आधी बाभळीच्या भांड्याचं. पांढरं अस्तर पूर्ण खरवडलं, पुराचं चित्र गेलं. खरवडताना हात जड झाला होता, खोटं का बोलू. मग वर्षानुवर्षं कापडावर काळा रंग धरायला वापरतात ती रीत केली: गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात घालून वीस दिवस आंबवलं. लोखंड म्हणून आमच्या घराच्या जुन्या दाराचे खिळे घेतले. ते दार पुरात फुगून निकामी झालं होतं, खिळे मी डब्यात राखून ठेवले होते. फसफसलेलं ते पाणी गाळून ओल्या फडक्याने भांड्याच्या आत लावलं. बाभळीत तुरटपणा भरपूर, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. लावल्याबरोबर काही झालं नाही. मग मिनिटाभरात करडं, मग निळसर, आणि चहा घेऊन येईपर्यंत पाटीसारखं काळं. लाकडाची प्रत्येक रेषा त्यात दिसते, कारण वर काही बसलेलंच नाही. मी खिळ्याचं पाणी फक्त एका उंचीपर्यंत लावलं. वरचा काठ तांबूस ठेवला. भिंतीवर पुराची जी रेघ राहते, तशी रेघ आली. चीर बुजवली नाही, रेघ तिच्यातून आरपार गेलीय. वर चपड्याचे सहा हात, मिरजेच्या ताईंनी सांगितलेल्या रीतीने.

आता बैल. पांगाऱ्याची ओली चकती मिळाली, दहा इंचांची. पहिली फुटली. दुसरीत मी बैल उलटा विचार करून कातला, वशिंडाच्या जागी पोट आलं. तिसऱ्यासाठी आधी शाडूचा बैल केला, तो तारेने बरोबर मधून कापला, आणि त्या कापाचा पुठ्ठ्याचा साचा घेऊन लेथपाशी उभा राहिलो. खोबणी पाडायची, साचा लावून बघायचा, पुन्हा पाडायची. चार तास लागले. सुरी ठेवून पहिला ठोका मारला तेव्हा आई शेजारी उभी होती. तुकडा निघाला. वशिंड, मान, खाली घातलेलं तोंड. आजोळचा बैल अगदी. तुकडा आतल्या अंगाला अरुंद असतो, म्हणून तोंडाकडे निमुळता होत गेलेला, जणू चालत कड्याच्या मध्याकडे निघालाय.

पांगाऱ्यात तुरटपणा नाही, म्हणून आधी हिरड्याचा काढा लावला आणि मग तेच खिळ्याचं पाणी. काळसर राखाडी झाला. शिंगं बाभळीची, सरसाने बसवली.

शाडूमाती ताई, तुम्ही सांगा, हे चित्र आहे की अंग. मला उत्तराची घाई नाही.

कड्यातून सातच बैल कापले. बाकीचं कडं अखंड ठेवलंय, आणि ते सात त्यातून बाहेर पडताना मांडलेत. आमच्याकडे ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर होतो आणि आषाढात आपला. यंदा आषाढातल्या बेंदराला शाडूच्या जोडीशेजारी आईने हे कडं पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. हळद एका बैलाच्या पाठीवर राहिली आहे. पुसलेली नाही, उडायची तेव्हा उडेल.

फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.

शाडूमाती_सातारा

पुढच्या रविवारी सांगलीला येते. कडं हातात घेऊन बघायचंय. तोवर फोटो नकोत.